सिंधुदुर्ग : वाट्याची व्यवस्था

रत्नागिरी जिल्ह्याचा दक्षिण भाग वेगळा काढून १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्हा अस्तित्वात आला. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये मालवणसमोरच्या कुरटे बेटावर ज्या जलदुर्गाचे काम सुरू केले, त्याचेच नाव जिल्ह्याला मिळाले. त्यामुळे या भागाचा इतिहास बहुधा किल्ल्यांच्या आणि सत्तांच्या अंगाने सांगितला जातो : विजयदुर्गचे आंग्रे, सावंतवाडीचे भोसले, वेंगुर्ल्याची डच वखार. हा इतिहास खराच आहे. पण सत्ता बदलत असताना इथली माणसे पाणी, मासळी आणि जमीन आपसांत कशी वाटून घेत होती, हा इतिहास त्याहून लांबचा आहे आणि आजच्या प्रश्नांशी त्याचाच संबंध अधिक आहे.

त्याचे मूळ भूगोलात आहे. किनाऱ्यावर वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. घाटमाथ्यावरच्या आंबोलीत तो सात हजारांच्या घरात जातो. तरीही एप्रिल-मे महिन्यांत अनेक वाड्यांच्या विहिरी तळ गाठतात. जांभा दगड सच्छिद्र, उतार तीव्र आणि समुद्र जवळ, त्यामुळे पाणी थांबत नाही. ते अडवणे एकट्या घराच्या आवाक्याबाहेरचे. पावसाळा सरला की वाडीतली माणसे जमून व्हाळावर, म्हणजे ओढ्यावर, दगडमातीचा बांध घालतात आणि त्या पाण्यावर वायंगणी (पावसाळ्यानंतरचे) भात किंवा भाजीपाला होतो. मालवण तालुक्यातला धामापूरचा तलाव याच समजुतीचे मोठे रूप आहे. दोन डोंगरांमधला हा तलाव १५३० मध्ये बांधला गेला. त्याच्या काठी भगवतीचे देऊळ आहे. २०२० मध्ये त्याला जागतिक सिंचन वारसा म्हणून मान्यता मिळाली, तेव्हाही तो वापरात होता, हे विशेष.

किनाऱ्यावर हीच रीत रापणीत, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याच्या मासेमारीत, दिसते. होडी जाळ्याचे एक टोक किनाऱ्यावर ठेवून निघते, समुद्रात अर्धवर्तुळ घेते आणि दुसरे टोक काही अंतरावर किनाऱ्याला आणते. मग दोन्ही बाजूंनी माणसे दोर ओढू लागतात. पाय वाळूत रुतवून, अंग मागे टाकून, एका लयीत चाललेले हे काम तास-दोन तास सहज घेते. जाळे जवळ येते तशा दोन्ही रांगा एकमेकींकडे सरकतात. रापण एका मालकाची नसते, ती संघाची असते. जाळ्यातला आणि श्रमातला सहभाग पाहून वाटे ठरतात आणि आयत्या वेळी दोराला हात लावणाराही रिकाम्या हाताने परतत नाही. या पद्धतीला मर्यादाही अंगभूत आहे : मासळी किनाऱ्याजवळ आली तरच ती मिळते. पर्ससीन जाळ्याच्या यांत्रिक नौका मासळीचे थवे किनाऱ्याजवळ येण्याआधीच उचलू लागल्या, तेव्हा पारंपरिक मच्छीमारांनी उभारलेला संघर्ष केवळ उत्पन्नासाठी नव्हता, वाट्याच्या हक्कासाठी होता. २०१६ मध्ये राज्याने पर्ससीनवर हंगामाचे व क्षेत्राचे निर्बंध घातले. त्यांची अंमलबजावणी मात्र आजही वादाचा विषय आहे.

हा हक्क त्याआधीही डावलला गेला होता. १९८७ मध्ये मालवणच्या समुद्रात सुमारे २९ चौरस किलोमीटरचे सागरी अभयारण्य घोषित झाले. तिथली प्रवाळे आणि खडकांवरची जीवसृष्टी जपणे आवश्यकच होते. पण ज्यांची उपजीविका त्या पाण्यावर होती त्यांना विश्वासात न घेता नकाशावर रेघ ओढली गेली आणि मच्छीमारांचा विरोध दीर्घकाळ टिकला. निसर्ग वाचवायचा असेल तर आधी तो कोण, कोणत्या नियमांनी वापरतो हे पाहिले पाहिजे. मालवणात हा क्रम उलटा झाला.

गावऱ्हाटी ही या सामुदायिक नियमांची जमिनीवरची चौकट. ग्रामदेवता, तिचे मानकरी, कौल, गाऱ्हाणे आणि देवाच्या नावाने राखलेली राई यांचा तीत समावेश होतो. तिचे गोडवे गाताना एक गोष्ट झाकता कामा नये : मान जातीनुसार ठरत होते आणि कित्येकांच्या वाट्याला फक्त सेवा येत होती. तरीही गावाला एकत्र निर्णय घ्यायला लावण्याची तिची ताकद मोठी. आचरा गावची गावपळण हे त्याचे ठळक उदाहरण. काही वर्षांच्या अंतराने ग्रामदैवत रामेश्वराचा कौल झाला की सारा गाव गुराढोरांसह, कोंबड्या-कुत्र्यांसह वेशीबाहेर जातो. रानात झोपड्या उभ्या राहतात, चुली मांडल्या जातात, रात्री भजने रंगतात आणि तीन दिवसांनी पुन्हा कौल घेऊन माणसे घरी परततात. गावातले सर्व जातिधर्मांचे लोक यात सामील होतात. निसर्गाला विसावा मिळावा म्हणून ही प्रथा पडली, असा खुलासा आता दिला जातो. तो नंतर सुचलेला वाटतो, पण एकत्र राहण्याचा सराव तिने नक्कीच टिकवला.

हा सराव टिकवायला माणसे लागतात आणि ती शंभर-दीडशे वर्षे मुंबईला जात आहेत. गिरण्या, गोदी, पुढे कचेऱ्या यांनी चाकरमानी घडवला. त्याच्या मनिऑर्डरवर घरे चालली आणि शेती बायकांच्या खांद्यावर आली. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाल्यावर गणपतीला येणे सोपे झाले, कायमचे परतणे नव्हे. २००१ मध्ये ८,६८,८२५ असलेली जिल्ह्याची लोकसंख्या २०११ मध्ये ८,४९,६५१ वर आली. त्या वर्षी दर हजार पुरुषांमागे १,०३६ स्त्रिया होत्या.

रिकाम्या झालेल्या जागा आता बाहेरची माणसे भरत आहेत. देवगडच्या हापूस बागांत राखणीला आणि अनेक मच्छीमार नौकांवर खलाशी म्हणून नेपाळी कामगार दिसतात. त्यांना मजुरी मिळते. रापणीतला वाटा, देवळातला मान किंवा गावच्या बैठकीतला शब्द मात्र त्यांच्यापर्यंत पोचलेला नाही. व्हाळावरच्या बांधासाठी उद्या कोणाला बोलवायचे, हे गावांना याच माणसांसह ठरवावे लागणार आहे.