शिंगं कुणी बसवली?

१८७६ साली जर्मनीतल्या बायरॉइट गावी रिखार्ड वाग्नरच्या चार भागांच्या प्रचंड ऑपेराचा पहिला संपूर्ण प्रयोग झाला. वेशभूषा कार्ल एमिल ड्योप्लर यांची होती. जुन्या जर्मन दंतकथांतल्या काही पात्रांच्या शिरस्त्राणांवर त्यांनी शिंगं चढवली, काहींवर पंख. प्रेक्षकांना ती इतकी पटली की पुढे ती उत्तरेकडच्या नॉर्स लोकांच्या, म्हणजे व्हायकिंगांच्या, डोक्यावर जाऊन बसली आणि व्यंगचित्रांपासून फुटबॉल संघांच्या चिन्हांपर्यंत सगळीकडे तिथेच राहिली.

पुरावा उलटाच आहे. १९४३ मध्ये नॉर्वेतल्या येर्मुंडबू इथे दहाव्या शतकातलं लोखंडी शिरस्त्राण तुकड्यांत सापडलं. जोडल्यावर दिसला तो साधा गोल टोप आणि डोळ्यांभोवती चष्म्यासारखं कवच. शिंगांची दोन शिरस्त्राणं डेन्मार्कच्या दलदलीत मिळाली खरी, पण ती कांस्ययुगातली. व्हायकिंगांहून सुमारे सतराशे वर्षं जुनी.

मात्र सगळा दोष एका वेशभूषाकाराच्या माथी मारणं बरोबर नाही. नॉर्स लोकांनी स्वतःविषयी फारसं लिहून ठेवलंच नव्हतं. त्यांच्याकडे रून लिपी होती, ती दगडांवर आणि लाकडावर कोरली जाई. पण लांबलचक ग्रंथ लिहिले गेले ते ख्रिस्ती धर्म आल्यानंतर, बहुतेक आइसलँडमध्ये, घटनांनंतर दोन-तीनशे वर्षांनी. नॉर्स लोकांच्या हयातीत त्यांच्याविषयी लिहिलं ते मुख्यतः ज्यांचे मठ लुटले गेले त्यांनी. ७९३ साली इंग्लंडमधल्या लिंडिसफार्नच्या मठावर त्यांचा हल्ला झाला, तेव्हा अल्क्विन या विद्वानाने त्यात देवाचा कोप पाहिला. लुटला गेलेला माणूस दरोडेखोराच्या शेतीवाडीची चौकशी करत बसत नाही.

एकोणिसाव्या शतकात याच दरोडेखोराचा नायक झाला. १८०९ मध्ये स्वीडनच्या हातून फिनलंड गेलं आणि दोनच वर्षांत स्टॉकहोमच्या काही लेखक-विचारवंतांनी 'गोथिक संघ' काढून पूर्वजांच्या शौर्याची गाणी गायला सुरुवात केली. हरलेल्या देशाला पराक्रमी पूर्वज हवेच असतात. पुढे नाझींनी हाच नायक वंशशुद्धीच्या कामाला जुंपला. हिमलरच्या एस.एस. संघटनेने हेडेबी या नॉर्स लोकांच्या जुन्या व्यापारी गावातल्या उत्खननाला पाठबळ दिलं, ते याच हेतूने.

चित्र बदलायला सुरुवात झाली ती मातीतून. एकेकाळी नॉर्स वस्ती असलेल्या इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात कॉपरगेट रस्त्यावर १९७६ ते १९८१ या काळात जे उत्खनन झालं, त्यात चामड्याचे जोडे, लाकडी वाट्या आणि सांबरशिंगाच्या फण्या निघाल्या. फण्या तर स्कँडिनेव्हियात स्त्री-पुरुष दोघांच्याही थडग्यांत मिळतात; सोबत चिमटे आणि कान कोरायच्या चमच्या. तेराव्या शतकातला एक इंग्रज इतिवृत्तकार तर तक्रारच करतो, की हे डेन लोक रोज केस विंचरतात, दर शनिवारी आंघोळ करतात, कपडे वरचेवर बदलतात आणि त्यामुळे आमच्या बायका भुलतात! उलट ९२२ मध्ये व्होल्गाकाठी रूस म्हणवल्या जाणाऱ्या नॉर्स व्यापाऱ्यांना भेटलेला बगदादचा इब्न फदलान त्यांच्या देखण्या अंगयष्टीने दिपला. पण सगळे एकाच घंगाळात तोंड धुतात हे पाहून त्याला किळस आली. रोज नमाजाआधी वाहत्या पाण्याने वजू करणाऱ्याला ती येणारच.

बहुतेक नॉर्स माणसं आयुष्यभर लुटीला गेलीच नाहीत. सातू पेरायचा, मेंढ्या राखायच्या, मासे वाळवायचे, लांबोळक्या घराच्या मधोमध चूल पेटती ठेवायची, हा त्यांचा दिनक्रम. समुद्र ओलांडणारी जहाजंसुद्धा बायकांच्या हातांवर उभी होती: एका मोठ्या शिडासाठी ढीगभर लोकर कातून विणावी लागे आणि त्यात अनेक बायकांची मिळून कित्येक वर्षांची मेहनत जाई. तलवारीचं कौतुक करणाऱ्यांनी चातीचं फारसं केलं नाही.

ही जहाजं व्यापारालाही जात. तो व्यापार किती लांब पोचला होता, याची खूण स्टॉकहोमजवळच्या हेल्यो बेटावर सापडली. तिथल्या उत्खननात सहाव्या शतकातली, भारतीय उपखंडाच्या वायव्य भागातली बुद्धाची छोटी कांस्यमूर्ती निघाली. ती कोणकोणत्या हातांतून गेली कुणास ठाऊक, पण वंशशुद्धीच्या कथेत तिला जागा नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४४२ सांगाड्यांच्या जनुक-अभ्यासानेही तेच सांगितलं. दक्षिण युरोपाचे आणि आशियाचे धागे त्यांच्या रक्तात होते आणि तपकिरी केसांचे लोकही पुष्कळ होते.

आताचं आवडतं चित्र आहे ते स्वच्छ, कष्टाळू, व्यापारी नॉर्स माणसाचं. आपल्या काळाला ते सोयीचं आहे आणि म्हणूनच जरा जपून घ्यावं. त्या व्यापारातला एक मोठा माल माणसं हा होता. डब्लिनला गुलामांचा बाजार भरे. आजच्या आइसलँडकरांचे पुरुष पूर्वज मुख्यतः स्कँडिनेव्हियातले, पण स्त्री पूर्वज निम्म्याहून अधिक स्कॉटलंड-आयर्लंडकडच्या, असं जनुकं दाखवतात. त्यातल्या काही लग्न करून आल्या असतील, काही बांधून आणलेल्या. वसाहतीच्या जुन्या आइसलँडी ग्रंथात योरलेव्ह नावाच्या सुरुवातीच्या एका वसाहतकाराची गोष्ट आहे. बैल एकच होता म्हणून त्याने आयरिश गुलामांना नांगराला जुंपलं. त्यांनी त्याला ठार केलं, बायकांना घेऊन होडीतून दक्षिणेकडच्या बेटांवर पळाले आणि तिथे त्यांचा पाठलाग करून त्यांना मारण्यात आलं. ती बेटं आजही त्या पश्चिमेकडून आणलेल्या माणसांच्याच नावाने ओळखली जातात.