वाळू धुताना

आज मासे आणायचे नाहीत, पाणवनस्पती लावायच्या नाहीत, फिल्टरही सुरू करायचा नाही. आज फक्त माशांच्या टाकीच्या तळाशी जाणारी वाळू. सकाळ मोकळी ठेवा. अंगणात किंवा मोरीत नळापाशी पाट टाकून बसा. दोन बादल्या, तांब्या, घमेलं आणि वाळूचं पोतं हाताशी असू द्या.

सुरुवातीला एक मासा डोळ्यांपुढे आणा. कॉरिडोरस. दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांचा हा बोटभर मासा दिवसभर तळाशी फिरतो. तोंडाभोवतीच्या मऊ मिशांनी वाळू चाचपतो, चिमूटभर वाळू तोंडात घेतो, खाण्याजोगं तेवढं ठेवतो आणि उरलेली वाळू कल्ल्यांतून बाहेर सोडतो. आपल्या ओढ्यांतले काही लोच मासेही असंच जेवतात. म्हणजे आज जे तुमच्या हातात येणार आहे, ते उद्या कुणाच्या तरी तोंडात जाणार आहे. हे एवढं मनात धरा आणि पुढचं काम त्याच्याकडे बघत करा.

आता कोरडी वाळू मूठभर घ्या, तळहातावर पसरा, उजेडात धरा. सगळी वाळू लांबून सारखी दिसते. हातावर घेतली की एकेक कण वेगळा होतो. भीमेच्या खोऱ्यातली वाळू असेल तर काळे-करडे कण बेसाल्टचे, पांढुरके बहुधा झिओलाइटचे, तांबूस आणि अर्धपारदर्शक दिसणारे अकीकाच्या कुळातले. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्या लाव्ह्याने दख्खन घडलं, त्याचाच हा चुरा. नागपूरकडची कन्हानची किंवा वैनगंगेची वाळू हातावर घेतलीत तर ती फिकट दिसेल, कारण तिच्यात क्वार्ट्झ जास्त. घरात लोहचुंबक असेल तर कागदात गुंडाळून दख्खनच्या वाळूतून फिरवा. कागदाला बारीक काळे कण चिकटून उभे राहतात. ते बेसाल्टमधलं मॅग्नेटाइट. माशाला त्याचा त्रास नाही, ते काढत बसायची गरज नाही. पण एकदा बघा जरूर.

मग डोळे मिटा आणि तीच वाळू अंगठा व बोटांमध्ये चोळा. टोचते का? नदीने लांबवर लोळवत आणलेल्या कणांच्या कडा झिजलेल्या असतात. बांधकामावरची क्रश सँड खडक फोडून केलेली, तिच्या कडा ताज्या आणि तीक्ष्ण. सिमेंटला ती उत्तम, मिशांना नाही. अशा तळावर, आणि त्यात तो अस्वच्छ राहिला तर, कॉरिडोरसच्या मिशा झिजतात, आखूड होतात. म्हणून स्वस्त मिळाली तरी ती या कामाला घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. रंग चढवलेले निळे-गुलाबी खडेही नकोत.

नदीवर जाऊन स्वतः वाळू भरून आणावी, असा मोह होईल. आणू नका. वाळू हे गौण खनिज आहे, परवान्याशिवाय उचलणं गुन्हा आहे; आणि त्याआधीची गोष्ट म्हणजे त्या वाळूत आधीच कुणीतरी राहतंय. दुकानातून गरजेपुरती घ्या. गरज किती, तेही मोजता येतं. टाकी 60 सेंटिमीटर लांब आणि 30 सेंटिमीटर रुंद असेल, तर 5 सेंटिमीटरच्या थराला 9 लिटर वाळू लागते, म्हणजे साधारण 14 किलो. कणाचा आकार अर्धा ते एक मिलिमीटर असावा. भूशास्त्रात 0.0625 पासून 2 मिलिमीटरपर्यंत सगळ्यालाच वाळू म्हणतात, पण अगदी बारीक वाळू घट्ट बसते आणि भरड वाळूच्या फटींत अन्न अडकून कुजतं.

धुण्याआधी एक परीक्षा. चमचाभर वाळू वाटीत घ्या, तिच्यावर व्हिनेगर ओता, आणि वाटी कानाशी न्या. हो, कानाशी. बुडबुडे दिसण्याआधी कधीकधी ऐकू येतात, बारीक फसफस. आवाज आला तर वाळूत चुना आहे: समुद्राची वाळू असेल तर शंखशिंपल्यांचा, पठारावरच्या नदीची असेल तर कंकराचा, काळ्या मातीत तयार होणाऱ्या त्या चुनखडीच्या गोट्यांचा. हा चुना टाकीत हळूहळू विरघळतो, पाणी जड करतो, सामू वर नेतो. गप्पी, मॉली यांना ते मानवतं. कॉरिडोरस किंवा टेट्राला मऊ पाणी लागतं. वाटी शांत राहिली तर पुढे चला. कंकराचे मोठे गोटे चाळणीने काढता येतात, पण समुद्राची वाळू मी या टाकीसाठी घेणारच नाही.

आता धुणं. साबण नाही, डिटर्जंट नाही, पूर्वी साबणाची असलेली बादलीही नाही. बादलीच्या चौथ्या हिश्शाएवढी वाळू घ्या, जास्त नको. पाणी सोडा. कोपरापर्यंत हात घाला आणि तळापासून वाळू वर उचलत ढवळा. पाणी क्षणात चहाच्या रंगाचं होईल. हाताच्या त्वचेला काय काय लागतंय ते बघा: वरचं पाणी कोमट, तळातलं गार, आणि मधून वर जाणारे कण.

हात बाहेर काढा. एक सावकाश उच्छ्वास सोडा. तो संपता संपता बादली कलंडवा आणि वरचं गढूळ पाणी दुसऱ्या बादलीत ओता.

एवढंच करायचं आहे, पण तो एक उच्छ्वास नेमका आहे. ब्रिटनमधले भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स यांनी 1851 मध्ये द्रवातून खाली पडणाऱ्या बारीक गोळ्याचा नियम मांडला: वेग कणाच्या व्यासाच्या वर्गावर ठरतो. व्यास दहा पटींनी कमी, तर वेग शंभर पटींनी कमी. अर्ध्या मिलिमीटरचा वाळूचा कण स्टोक्सच्या नियमाला थोडा मोठाच पडतो. तो 10 सेंटिमीटर पाणी दीड-दोन सेकंदांत उतरतो. 0.02 मिलिमीटरच्या गाळाच्या कणाला तेवढ्याच अंतराला चार-पाच मिनिटं लागतात. आणि 0.002 मिलिमीटरच्या चिकणमातीच्या कणाला, 20 अंश तापमानाच्या अगदी स्थिर पाण्यात, सुमारे आठ तास. एकाच बादलीत तीन प्रकारचे कण, प्रत्येकाचा काळ वेगळा. तुम्ही श्वास सोडलात तोवर वाळू तळाशी पोचली, माती अजून वाटेतच आहे. त्याच अवधीत ती वाळूपासून वेगळी करता येते. उशीर केलात तर गाळ पुन्हा वाळूवर बसतो. उतावीळपणे लगेच ओतलंत तर बारीक वाळूही वाहून जाते.

पुन्हा पाणी. पुन्हा ढवळा. पुन्हा श्वास, पुन्हा ओतणं. पहिल्या काही वेळा काहीच फरक पडत नाहीसं वाटेल. मोजू नका. मन पोत्यात उरलेल्या वाळूकडे धावेल, अजून एवढं बाकी आहे म्हणेल. त्याला परत हाताच्या तळव्यावर आणा, जिथे वाळू आत्ता सरकते आहे. हळूहळू बादलीचा आवाज बदलतो. मातकट वाळू ढवळताना दबका येतो, धुतलेली वाळू खळखळते. बादलीच्या तळाशी टेकवलेल्या बोटांची नखं वरून स्पष्ट दिसली की थांबा. पाणी अगदी पिण्याच्या पाण्याइतकं नितळ होईपर्यंत धुत राहणं म्हणजे पाण्याची नासाडी, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते शोभत नाही.

दुसऱ्या बादलीतलं गढूळ पाणी मोरीच्या जाळीत ओतू नका, पाईपात गाळ बसतो. ते कुंड्यांना घाला. टाकीत जी माती नको होती तिची जागा तिथेच आहे.

धुतलेली वाळू मुठीमुठीने टाकीत ठेवा. ओतू नका, काचेवर ओरखडे उठतात. पुढे 3 सेंटिमीटर, मागे 5-6, असा उतार तळहाताने करा. मग वाळूवर उपडी बशी ठेवा आणि पाणी त्या बशीवर, तांब्याने, बारीक धारेत सोडा. नळाचं पाणी असेल तर क्लोरीन उडून जाण्यासाठी दिवसभर उघडं ठेवलेलं घ्या. एवढं करूनही थोडं धुकं उठेलच. रात्रभर तसंच राहू द्या. पावसाळ्यात पिण्याच्या पाण्यात तुरटी फिरवायची आपली जुनी सवय इथे आठवेल. टाकीत ती चालत नाही, तुरटी पाण्याचा सामू खाली ओढते.

या वाळूवर आता जे वसणार आहे ते दिसत नाही. माशांच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून येणाऱ्या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू कणाकणाच्या पृष्ठभागावर थर धरतात. त्यांना सहसा चार ते सहा आठवडे लागतात. लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी 1850 मध्ये आपल्या काचेच्या पात्राची हकिकत प्रसिद्ध केली. तळाशी वाळू आणि चिखल, त्यात रुजवलेली व्हॅलिस्नेरिया, वर दोन गोल्डफिश. पानं कुजून पाणी बिघडू लागलं तेव्हा त्यांनी तळ्यातल्या गोगलगाई सोडल्या आणि पात्र सावरलं. पात्राचं भलंबुरं बरंचसं तळाशी ठरतं. तीच व्हॅलिस्नेरिया आपल्या तळ्यांतही उगवते. मागच्या जाड थरात लावायला तिच्याइतकं भरवशाचं झाड मला ठाऊक नाही.

रोपं नसलेल्या भागात आठवड्यातून एकदा बोट हळू फिरवा. वाळू दाबली गेली की आत प्राणवायू पोचत नाही, आणि सडक्या अंड्यासारख्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड तयार होऊ शकतो. मलेशियन ट्रम्पेट नावाने विकली जाणारी, आपल्या ओढ्यांतही सापडणारी लांबट गोगलगाय हेच काम वाळूच्या आत राहून करते.

ते चार-सहा आठवडे सरल्यावर पाण्याच्या चाचणीत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले की सहा कॉरिडोरस एकत्र आणा, त्यांना एकटं राहणं मानवत नाही. सोडल्यावर दिवा मालवा आणि तासभर त्यांना त्यांचं राहू द्या. मग जमिनीवर बसून काचेच्या खालच्या कडेला डोळे आणा आणि कल्ल्यांकडे बघा: वाळू तोंडातून आत, कल्ल्यांतून बाहेर. पहिले काही दिवस खाणं एकदाच, थोड्या वेळात संपेल इतकंच. उरलेला दाणा वाळूवर दिसला तर सायफनची नळी वाळूच्या बोटभर वर धरून तेवढाच उचलून घ्या.