गेटपासवरची माणसं

शेअर बाजारातल्या आघाडीच्या एक हजार कंपन्यांना सेबीने एक वार्षिक अहवाल सक्तीचा केला आहे. कारखान्यातून किती कार्बन बाहेर पडला, पाणी किती वापरलं, वीज किती लागली, याचे त्यात तक्तेच्या तक्ते असतात. कामगारांच्या भागात एक ऐच्छिक प्रश्नही आहे. निवृत्तीमुळे किंवा नोकरी गेल्यामुळे ज्याचं काम संपतं, त्याला पुढे कामाला लागता यावं म्हणून कंपनी काही मदत करते का? उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असं द्यायचं. धूर टनांत मोजायचा आणि माणसाची बोळवण एका शब्दावर करायची, हा सध्याच्या हरित हिशेबाचा खाक्या आहे.

भारताने २०७० पर्यंत कार्बन उत्सर्जन निव्वळ शून्यावर आणायचं जाहीर केलंय. बऱ्याच कंपन्यांनी स्वतःसाठी त्याआधीचं साल ठरवलं आहे. म्हणजे कोणता बॉयलर साधारण कधी थंडावणार, याचा अंदाज संचालक मंडळाला असतो. त्या बॉयलरवर राबणाऱ्याला तो कधी कळतो, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. भरपाईच्या आकड्यावरून भांडण नंतर होऊ द्या, आधी तारीख सांगा.

ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यातल्या लाट्रोब खोऱ्याने हा धडा फार महागात घेतला. तपकिरी कोळशावर जगणारा हा मुलूख. तिथलं हेझलवुड वीज केंद्र बंद करत असल्याचं एन्जी या फ्रेंच कंपनीने नोव्हेंबर २०१६ मध्ये जाहीर केलं आणि मार्च २०१७ अखेर ते बंद झालंसुद्धा. कायम आणि कंत्राटी मिळून सुमारे साडेसातशे लोकांना पाच महिन्यांची मुदत मिळाली. मग धावाधाव सुरू झाली. राज्य सरकार, युनियन आणि शेजारची वीज केंद्रं यांनी मिळून एक चांगली तोड काढली. शेजारच्या केंद्रांतल्या वयस्क कामगारांनी पैसे घेऊन लवकर निवृत्त व्हायचं आणि त्यांच्या जागी हेझलवुडच्या लोकांना घ्यायचं. कल्पना नामी होती, पण ऐन वेळी जुळवलेली, त्यामुळे लाभ थोड्यांनाच झाला. त्याच खोऱ्यातल्या यालुर्न केंद्राने मात्र २०२१ मध्येच सांगून टाकलं की आम्ही २०२८ ला बंद करणार. सात वर्षांत वेल्डरला दुसरा परवाना काढता येतो, घराचा हप्ता आवरता येतो, पाचवीतली मुलगी बारावीला पोचते.

नुसत्या तारखेनेही भागत नाही. वेल्समधल्या पोर्ट टालबटला टाटा स्टीलने शेवटची झोतभट्टी सप्टेंबर २०२४ मध्ये विझवली. तिथे येणारी विजेवरची भट्टी त्यानंतर काही वर्षांनी पेटायची आहे. ती येईपर्यंत एक जुनी भट्टी चालू ठेवा, असं युनियनचं म्हणणं होतं. तोटा परवडत नाही, असं कंपनीचं. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होतं. पण मधल्या काळाची झळ बसली ती कामगारांच्या घरांना आणि गावातल्या दुकानांना.

आता आपल्याकडे या. चंद्रपूरचं महाऔष्णिक केंद्र २,९२० मेगावॉटचं आहे, त्याची सुरुवातीची दोन युनिटं कधीच निवृत्त झाली. औष्णिक केंद्रांत कोळशाच्या कन्व्हेयरवर, राखेच्या पाइपलाइनवर, बॉयलरच्या ओव्हरहॉलिंगला मोठ्या प्रमाणावर कंत्राटी माणूस असतो. टेंडर संपतं, ठेकेदार बदलतो, गेटपासवरचं ठेकेदाराचं नाव बदलतं. फोटो त्याच माणसाचा, फक्त केस आणखी थोडे पिकलेले. वीस वर्षं एकाच फाटकातून आत गेलेला हा माणूस कागदावर दर खेपेला नवा असतो. ग्रॅच्युइटीला लागणारी सलग पाच वर्षं सिद्ध करतानाच त्याच्या नाकी नऊ येतात. युनिट बंद झालं, तर त्याची छाटणी झाली असंही कुणी म्हणत नाही. ठेका संपला, एवढंच म्हणतात.

२०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत छाटणी झालेल्या कामगारासाठी पुनर्कौशल्य निधी आहे आणि त्यात मालकाने पंधरा दिवसांच्या पगाराइतकी रक्कम भरायची आहे. पंधरा दिवसांत कोण कसलं कौशल्य शिकतो, हे सोडा. ज्याची छाटणीच कागदावर होत नाही, त्याच्या वाट्याला तेवढंही येत नाही. ठेकेदाराने पगार बुडवला तर तो मूळ मालकाने द्यावा, हे तत्त्व १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने कधीच मान्य केलं होतं. तेच बंद होतानाही लावायला काय हरकत आहे? माणसं मोजायला नवं सर्वेक्षण नको. फाटकावरच्या सुरक्षा विभागाकडे गेटपासची नोंद असते. कोण किती वर्षं आत येतोय, हे तिच्याइतकं पक्कं कुणी सांगणार नाही. पुढच्या टेंडरमध्ये दोन कलमं घाला: ठेकेदार बदलला तरी माणसं तीच राहतील, आणि त्यांची सेवा सलग धरली जाईल.

पुण्याजवळच्या चाकण-भोसरीकडच्या वाहन उद्योगाची गोष्ट थोडी वेगळी. इलेक्ट्रिक गाडीला पिस्टन लागत नाही, सायलेन्सर लागत नाही. दहा माणसांच्या जॉबवर्कच्या शॉपला हे ऑर्डर आटल्यावर कळतं, वास्तविक गाडीच्या कंपनीला ते कितीतरी आधी ठाऊक असतं. तिने व्हेंडरला वेळेत सांगावं, एवढी अपेक्षा गैर नाही.

‘सौर प्रकल्पात घेऊ की सगळ्यांना’ हे उत्तर मला मुळीच पटत नाही. धुळे जिल्ह्यात साक्रीला सौर वीज केंद्र आहे, म्हणून चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घुसच्या फिटरने बिऱ्हाड तिकडे हलवायचं का? शिवाय पॅनेल एकदा बसले की उरतं ते बरंचसं पुसण्याचं आणि गवत काढण्याचं काम, तेही ठेक्यावरच.

जमिनीचं काय होतं, ते मुंबईने पाहिलं आहे. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमांत त्यांच्या जमिनीतला मोठा वाटा शहरातल्या मोकळ्या जागांना आणि म्हाडाच्या घरांना होता. २००१ मध्ये ती वाटणी फक्त रिकाम्या जमिनीपुरती उरली आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते उचलून धरलं. बंद वीज केंद्राकडेही जमीन असते, पाण्याचं आरक्षण असतं, ग्रीडची जोडणी असते. यातलं काहीही विकताना किंवा नव्या कामाला लावताना कामगारांच्या देण्याचा हक्क पहिला, असं आधीच लिहून ठेवायला हवं.

खर्च वाढेल, वीज महागेल, अशी ओरड होईल. खर्च वाढेलच. चिमणीतला गंधक रोखणारी यंत्रणा बसवायची ठरली, तेव्हा तिचा खर्च दरात धरायला नियामक आयोगांनी मान्यता दिली होती. कन्व्हेयरवरच्या माणसाचा दोन वर्षांचा पगार आणि प्रशिक्षण त्याच रकान्यात का बसू नये, हे आयोगासमोरच्या दरवाढीच्या सुनावणीत विचारता येतं. तिथे हरकत नोंदवायची मुभा ग्राहकालाही असते, पण कामगारांच्या बाजूने ती नोंदवणारा ग्राहक अजून तरी विरळाच.