द्विजिह्व

संस्कृतात सापाला 'द्विजिह्व' म्हणतात आणि चहाडखोर माणसालाही तोच शब्द लावतात. दोन जिभांचा, म्हणजे खोटे बोलणारा! गंमत अशी, की सापाची जीभ बोलण्यासाठी नाहीच. तिची दोन टोके गंधाचे कण टिपतात आणि टाळूजवळच्या जेकबसन इंद्रियाकडे पोचवतात. गंध उजवीकडे जास्त की डावीकडे, यावरून वाट कळते. म्हणजे ज्या जिभेवरून आपण त्याला लबाड ठरवले, ती दुसऱ्याचे 'ऐकून घेण्याची' जीभ आहे.

साप एकमेकांशी बोलतात ते मुख्यतः असे, गंधाने. अमेरिकेच्या पूर्वेकडील डोंगरांतला टिंबर रॅटलस्नेक, म्हणजे आपल्या भाषेत खुळखुळ्या साप, पाहा. पिल्ले पहिली कात टाकेपर्यंत, आठवडा-दीड आठवडा, आई त्यांच्याजवळ थांबते. पुढे थंडी पडू लागली की पिल्ले मोठ्यांच्या गंधाचा माग काढत हिवाळी बिळापर्यंत पोचतात. गर्भार माद्या बहुधा नात्यातल्या माद्यांच्या संगतीने राहतात, असे २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात दिसले. एवढा गोतावळा, आणि आपल्याला त्यातले अक्षर ऐकू येत नाही!

ऐकू येतो तो शेपटीचा खुळखुळा. तो मात्र आप्तांसाठी नसतो, परक्यांसाठी असतो. "मी इथे आहे, पाय सांभाळा." याला आपले उत्तर बहुतेक वेळा फावडे. टेक्सासमधील स्वीटवॉटर गावात तर १९५८ पासून रॅटलस्नेक पकडून मारण्याची जत्राच भरत आली आहे.

अंगणात मुले खेळत असताना भूतदयेचे प्रवचन कोणी ऐकणार नाही, आणि ते योग्यच. भीती समजू शकते. दूर व्हावे, जाणकाराला बोलवावे. पण भीतीला आपण "त्याला कुठे काय कळते!" अशी पुस्ती जोडतो, तिथे घोटाळा होतो. ज्याचे बोलणे आपल्याला कळत नाही, त्याला बोलण्यासारखे काही नसतेच, असे मानण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

परदेशात राहणाऱ्या आपल्याला तरी हा प्रश्न नवा नसावा. सहा महिन्यांसाठी आलेली आजी शेजाऱ्यांकडे बघून नुसती हसते. ते समजतात, बाई अबोल आहे. तीच आजी फोनवर बहिणीशी तासभर बोलते! आजीची सापाशी तुलना करत नाही, रागावू नका. कमतरता ऐकणाऱ्याच्या कानात असू शकते, एवढेच म्हणायचे आहे. आजीला निदान नातवंडे दुभाषी मिळतात. सापाला कोण?

येत्या नागपंचमीला पाटावर नाग काढताना मुलांना आपल्या जुन्या गोष्टी जरूर सांगा. सोबत पहिल्या कातेपर्यंत थांबणाऱ्या त्या आईचीही सांगा.