दाराची फट

बैलगाडीला दार नसतं. त्यामुळं तिच्यात कोण बसलं आणि कोण राहिलं याचा हिशेब कधी कुणाला करावा लागला नाही. माझ्या लहानपणी, १९७० च्या आसपास, मोहोळच्या बाजाराला गाडी निघाली की वाटेत जो भेटेल तो मागून उडी मारून बसायचा. विचारायची पद्धत नव्हती. चढ लागला, बैलांना ओढंना झालं, की तोच आपणहून उतरून चालायला लागायचा. रानातनं कुणी हाक मारली तर गाडीतल्याला ऐकू यायची. न ऐकायची सोयच नव्हती.

आता माझ्या दारात चारचाकी उभी असते. जुनीच घेतली, निम्मे पैसे पोरानं घातले. हौसेखातर घेतली नाही. आमच्या मंडळींच्या दोन्ही किडन्या गेल्या, तेव्हापासून आठवड्यातनं दोनदा सोलापूरला डायलिसिससाठी जावं लागतं. चार तास मशीनवर, आणि जाऊन-येऊन ऐंशी किलोमीटर. पहिलं वर्ष एसटीनं काढलं. मशीनवरनं उठलेलं माणूस पिळून काढलेल्या धडप्यासारखं असतं. त्यात डोकं ठणकतं. त्या डोक्यानं एसटीच्या खिडकीला टेकून घरी यायचं म्हणजे काय असतं ते तिलाच ठाऊक.

गाडी घेतली, पण तिच्या बाजूचं पुढचं दार नीट बसत नव्हतं. पन्नासपर्यंत काही कळायचं नाही. हायवेला लागून सत्तरच्या पुढं काटा गेला की वरच्या मागच्या कोपऱ्यातनं शिट्टी सुरू व्हायची. शेजारनं ट्रक गेला की तो रस्त्यावरनं नाही, आपल्या गाडीतनं गेला असं वाटायचं. ही कानावरनं पदर गच्च बांधून बसायची.

ज्यानं त्यानं एकच उपाय सांगितला : टेप मोठा लावा. उसाच्या हंगामात आमच्या रस्त्यानं जे ट्रॅक्टर जातात त्यांचा हाच उपाय असतो. इंजिनाच्या आवाजावर गाण्याचा आवाज, आणि त्याच्यावर हॉर्न. नको असलेल्या आवाजावर आपल्या पसंतीचा आवाज घातला म्हणजे शांतता झाली, असं पुष्कळ लोकांना वाटतं. सभांमध्येही तेच चालतं म्हणा.

मी गाडी मिस्त्रीकडं नेली. हा मिस्त्री मोजकं बोलतो. त्यानं वहीचं एक पान फाडलं, त्याची पट्टी केली, दारात धरली आणि दार लावून पट्टी ओढून बघितली. खाली पट्टी घट्ट बसली, ओढून फाटली. पुढच्या बाजूलाही तेच. वरच्या मागच्या कोपऱ्यात मात्र लोण्यातनं केस निघावा तशी निघून आली. मग त्यानं दार उघडून शेवटाला दोन्ही हातांनी धरलं आणि वर उचललं. दार बोटभर वर गेलं आणि खळकन खाली आलं.

"मामा, हे दार धरून कोण उठतं?"

मी गप्पच झालो. चार तासांनंतर पायात बळ नसतं. घरी आल्यावर ती उघड्या दाराला धरून, सगळा भार त्याच्यावर टाकून उठते. तिच्या भारानं बिजागरीची खीळ झिजली होती, दार लोंबलं होतं, आणि दार लोंबलं म्हणून वर फट पडली होती. ज्या फटीनं तिचं डोकं उठायचं, ती तिच्याच उठण्यानं पडलेली. यात दोष कुणाचा काढायचा? मला तरी काढता आला नाही.

मिस्त्री म्हणाला, पुष्कळ जण नुसतं जाड रबर चिकटवून घेतात. मग दार लागंना होतं, लोक आपटून लावतात, आणि आपटून बिजागरी आणखी जाते. त्यानं आधी बिजागरीच्या खिळा आणि बुश बदलले. मग दाराचा खटका ज्याच्यात अडकतो ती कडी ढिली करून केसभर आत सरकवली. सगळ्यात शेवटी बिडिंग. जुनी बिडिंग हातात घेतली तर वाळल्या शेवग्याच्या शेंगेसारखी कडक. आमच्याकडच्या ४२-४३ डिग्रीच्या उन्हाळ्यात दुसरं काय होणार? नवी दाबली की दबते आणि सोडली की फुगते. शिट्टी वेगातच का येते, तेही त्यानं सांगितलं. गाडी पळते तेव्हा बाहेरचा वारा दार आत दाबत नाही, वरची चौकट बाहेर ओढतो. हे मला लगेच पटलं. वळवाच्या वाऱ्यानं गोठ्याचे पत्रे वर उचललेले मी बघितलेत.

दाराच्या तळाला तीन-चार भोकं दिसली. म्हटलं, तीही बुजवून टाक. तो नाही म्हणाला. "ते भोक आवाजाचं न्हाई मामा, पाण्याचं हाय. काचेवरनं पाणी दारात उतरतंच. ते बुजवलं तर दार आतनं सडंल."

उठताना धरायला त्यानं आत, दाराच्या वर, एक मूठ बसवून दिली. त्या दिवसापासून गाडीत अशी शांतता झाली की परतीच्या वाटेवर ही झोपायला लागली. दीड वर्षात मी तिला दिवसा झोपलेली बघितली नव्हती.

पुढं पंधरा दिवसांनी शेजारवस्तीवरची अक्का बांधावर भेटली. म्हणाली, "आण्णा, तुमची गाडी आता लई मोठ्यांची झाली. दोन हाका मारल्या, काचा वर करून निघून गेलात."

आमच्या भागात 'काचा वर करून गेला' ही साधी तक्रार नाही. माणूस गावातनं उठला, असा तिचा अर्थ. मला हाक ऐकूच आली नव्हती, आणि ज्याला ऐकू आलं नाही त्याला दोष लावायचा नसतो, हे गावही मानतं. पण ऐकू येऊ नये याची सोय माणसानं पैसे देऊन केली असेल तर? तिथं माझं डोकं अडकलं.

एक बाजू सरळ आहे. आजाऱ्याला शांतता हवी. २००० सालच्या सरकारी नियमांत दवाखान्याभोवती शंभर मीटर शांतता क्षेत्र धरलं आहे. त्याला कुणी दवाखान्याचा माज म्हणत नाही. मग तीच शांतता गाडीत बसून चाळीस किलोमीटर आली, तर तिला माज का म्हणायचं?

पण ही शांतता आजाऱ्याच्या नावानं आणली आणि वापरतो धडधाकट माणूसही. मी एकटा कांद्याचं बी आणायला मोहोळला जातो तेव्हाही दार तितकंच घट्ट असतं. रबराला काही आत कोण बसलंय ते कळत नाही. आणि वस्तीवर राहणाऱ्याचं सगळं संरक्षण कानावर असतं. फडाला आग लागली, कुणाला पान लागलं, तर पहिली बातमी हाकेनंच येते. मोबाइल नंतर. आमच्या बाजूला आता स्लायडिंगच्या खिडक्यांची घरं झालीत. आत झोपणाऱ्याला वाटतं, गाव शांत झालं.

मी ठरवलं, एकटा असलो की डाव्या बाजूची काच खाली. धूळ आली तर येऊ दे. ही सोबत असली की काच वर. आपल्या मनानं न्याय केला म्हणून मी खूश होतो.

ही ऐकून घेत होती. मग म्हणाली, "आवो, मी आजारी हाय म्हणून मला कुणी हाक मारू नये व्हय? आधीच कोण येईना झालंय."

ते खरं होतं. आजारपण लांबलं की माणसं येणं कमी करतात. वाईट म्हणून नाही, बोलायचं काय हे त्यांना सुचत नाही. रस्त्यावरनं जाता जाता "काय गं, बरी हायस का?" एवढंच कुणालाही जमतं.

आता जाताना वस्तीपासून फाट्यापर्यंत ती स्वतः काच खाली घेते. कुणी हात केला की मी थांबतो. हायवेला लागलं की तीच काच वर करते. येताना ती झोपलेली असते. फाट्यावर अक्का उभी असली तर हाक न मारता नुसता हात करते, आणि मागच्या दारानं हळूच बसते. त्या दाराची बिडिंग अजून जुनीच आहे, ते ओढून आपटल्याशिवाय लागत नाही. अक्का आपटत नाही. मी उतरतो, मागं जातो आणि कमरेनं रेटून ते लावतो.