खरं डकोटा कोणतं?

हवाई दल दिनी ‘परशुराम’ हे डकोटा विमान घरघरत डोक्यावरून गेलं की गर्दीत कुणीतरी म्हणतंच, ‘सत्तेचाळीस साली श्रीनगरला उतरलं ते हेच.’ हे वाक्य खटकतं.

२७ ऑक्टोबर १९४७ रोजी शीख रेजिमेंटच्या पहिल्या बटालियनचे जवान डकोटांमधून श्रीनगरला उतरले. ‘परशुराम’वरचा व्हीपी ९०५ हा क्रमांक त्या मोहिमेतला, सांगाडा मात्र दुसऱ्याच विमानाचा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधलेलं हे विमान भंगारातून वाचवून ब्रिटनमध्ये दुरुस्त झालं आणि २०१८ मध्ये खासदार राजीव चंद्रशेखर यांनी ते हवाई दलाला भेट दिलं. मग हे खरं कसं म्हणायचं?

फळी फळी बदललेलं थीसियसचं जहाज तेच राहतं का, हे कोडं सर्वांना ठाऊक आहे. विमानाच्या बाबतीत आधी ‘खरा’ या शब्दाची फोड करायला हवी. संग्रहालयात खरा भाग म्हणजे तेव्हाचाच धातू. हँगरमध्ये खरा भाग म्हणजे कागद असलेला भाग: कुणी बनवला, कुठल्या आराखड्यावरून, किती तास उडाला, तपासून सही कुणी केली. कागद हरवलेला अस्सल १९४४ चा भाग यंत्रज्ञ कौतुकाने न्याहाळेल, पण विमानाला लावणार नाही.

जतनवादी म्हणतात, निवृत्त विमान उडवूच नये; बदललेल्या प्रत्येक सिलिंडरबरोबर इतिहासाचा एक तुकडा जातो. या म्हणण्यात तथ्य आहे. काढलेला भाग मोडीत गेला की परत येत नाही.

पण डकोटा कधी काळी अखंड, अस्पर्श होतं, हे त्यात गृहीत धरलेलं असतं. तसं ते कधीच नव्हतं. दहा हजारांच्या आसपास लष्करी डकोटा बांधली गेली, ती एकाचा भाग दुसऱ्याला बसावा अशाच बेताने. चौदा सिलिंडरांचं ट्विन वास्प इंजिन ठरावीक तासांनी उतरवायचं, खोलायचं, पुन्हा चढवायचं, हा तर रोजचा शिरस्ता.

याचं टोकाचं उदाहरण म्हणजे, १९४१ मध्ये चीनमध्ये जपानी बॉम्बहल्ल्यात एका डीसी-३ चा उजवा पंख निकामी झाला. हा डकोटाचाच नागरी अवतार. बदली पंख मिळाला तो आधीच्या डीसी-२ चा, पाच फूट आखूड. दुसऱ्या विमानाच्या पोटाखाली बांधून तो शेकडो मैल आणला, बसवला आणि विमान उडालं. लोकांनी त्याला नाव दिलं ‘डीसी-अडीच’. त्या उसन्या पंखाला कोण खोटं म्हणेल? त्या विमानाचा सगळा इतिहास तर त्याच पंखात आहे.

म्हणजे नव्या भागांवर धरलेला राग टिकत नाही. सुटे भाग बदलत आलेलं ‘परशुराम’ पूर्णपणे खरं डकोटा आहे. राग उरतो तो फक्त गर्दीतल्या त्या वाक्यावर, आणि त्यावर उपाय सोपा आहे. हँगरमधली शिस्त सांगाड्यालाही लावावी. व्हीपी ९०५ हे आदरांजली म्हणून घेतलेलं नाव आहे, हे विमानाशेजारच्या फलकावर ठळक लिहावं. सांगाडा कुठून आला, हेही. आणि उतरवलेला प्रत्येक भाग मोडीत न घालता, तारखेची चिठ्ठी बांधून शेजारच्या कपाटात ठेवावा.