कमवा, शिका आणि खेळा

सातारा-सांगलीकडं पैलवानाला पैसे देण्यात कुणाला कधी कमीपणा वाटलेला नाही. गावच्या जत्रेची वर्गणी निघते तेव्हा पालखीचा, तमाशाचा आणि कुस्त्यांचा खर्च एकाच वहीत मांडला जातो. एक नंबरची कुस्ती किती इनामाची, हे आधीच पत्रकात छापून येतं आणि इनाम कुणाच्या स्मरणार्थ कुणी ठेवलं तेही. मैदान कुंडलचं असो नाहीतर पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेतलं, हलगी कडाडली की चिमुरड्यांच्या पन्नास रुपयांच्या जोडीपासून लाखाच्या कुस्तीपर्यंत सगळा व्यवहार चारचौघांत होतो. एखाद्या पोरानं देखणा डाव टाकला की कडेला बसलेला म्हातारा बंडीच्या खिशातली नोट काढतो, आणि निवेदक त्याचंही नाव पुकारतो.

ते पुकारणं कान देऊन ऐकावं. पैलवानाचं नाव, गाव, तालीम, वस्ताद. कुणाचा पठ्ठ्या, कुणाचा पुतण्या. आखाड्यात उतरलेल्यांपैकी बरीच पोरं कुठल्या ना कुठल्या कॉलेजात बी.ए.ला नाव घालून असतात, पण कॉलेजचं नाव क्वचितच कानावर पडतं. यात निवेदकाची चूक नाही. ज्यानं खुराक दिला त्याचं नाव घ्यायचं, ही मैदानाची रीत आहे.

खेळणाऱ्याला उघडपणे पैसे द्यायची ही रीत अमेरिकेतल्या कॉलेजांनी पिढ्यान् पिढ्या नाकारली. तिथं कॉलेजचा फुटबॉल आणि बास्केटबॉल म्हणजे टीव्हीच्या हक्कांवर चालणारा अब्जावधी डॉलरचा धंदा. प्रशिक्षकाला कोटींचा पगार, विद्यापीठाला लाखभर माणसं बसतील एवढं स्टेडियम आणि खेळणाऱ्या पोराला फी माफी, खोली, जेवण. आपल्या सहीचे चार डॉलर घेतले तरी त्याच्यावर बंदी यायची. जून २०२१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ऑल्स्टन खटल्यात एनसीएए या कॉलेज-क्रीडा संघटनेच्या विरोधात एकमुखानं निकाल दिला. १ जुलैपासून खेळाडूंना स्वतःचं नाव आणि चेहरा जाहिरातीसाठी विकायची मोकळीक मिळाली. जून २०२५ मध्ये हाउस खटल्यातली तडजोड मंजूर झाली आणि कॉलेजं थेट पैसे मोजू लागली. जुन्या खेळाडूंना दहा वर्षांत सुमारे २.८ अब्ज डॉलरची भरपाई द्यायची आणि २०२५-२६ या वर्षात एकेका विद्यापीठानं आपल्या खेळाडूंना २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत वाटायचे, असा तो मामला आहे.

परिणाम व्हायचे ते झाले. चांगली पोरं दरवर्षी कॉलेज बदलू लागली. उलट व्यावसायिक लीगकडं पळायच्या बेतात असलेली काही जण कॉलेजातच थांबू लागली. पैशाचा मोठा लोट फुटबॉलकडं आणि मुलांच्या बास्केटबॉलकडं गेला. भरपाईच्या वाटपात आपल्यावर अन्याय झाला म्हणून मुलींनी अपील केलं. पोहणं, टेनिस, जिम्नॅस्टिक्स अशा न कमावणाऱ्या खेळांच्या संघांवर गंडांतर आलं, आणि त्यांत कुस्तीही आहे.

हे वाचून आपल्याकडचे प्राध्यापक मान हलवतात : बघा, पैसा शिरला की खेळ नासतो. मला ते पटत नाही. पैसा तिथं शंभर वर्षं होताच. तो फक्त खेळणाऱ्याच्या हातात नव्हता. नासाडी झाली असेल तर ती वाटपाचा नियम आधी न ठरवल्यामुळं. आपल्याकडं तो नियम ठरवायला अजून वेळ आहे, म्हणून हा लेख.

हौशी खेळाडूनं पैशाला शिवू नये, हा दंडक विलायतेतल्या खाऊनपिऊन सुखी घरांतल्या पोरांनी घातला. तिथून तो ऑलिम्पिकमध्ये गेला आणि आपल्या विद्यापीठांनीही तो सोवळ्यासारखा पाळला. ज्याच्या घरी दोन एकर कोरडवाहू, त्याला हे सोवळं परवडायचं कसं? कराडशेजारच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकला ते कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीनं गेले आणि सहावे आले. १९५२ च्या हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. प्राचार्य बाळासाहेब खर्डेकरांनी राहतं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, लोकांनी जमेल तशी वर्गणी दिली, आणि खाशाबांनी बॅंटमवेट गटात ब्राँझ पदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. कराडला बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पुढं खाशाबांनी कुस्त्या लावून पैसे जमवले आणि प्राचार्यांचं कर्ज फेडलं, असं सांगतात.

खर्डेकरांचं कौतुक आपण सत्तर वर्षं करतो आहोत आणि ते करावंच. पण गहाण पडलं ते एका माणसाचं घर. संस्था, विद्यापीठ, सरकार यांचं काहीच पणाला लागलं नव्हतं. शेवटी कर्ज फिटलं ते मैदानाच्या पैशानं, म्हणजे हौशीपणाच्या नियमाला जो पैसा विटाळ वाटायचा त्याच पैशानं. अमेरिकेच्या जिम थॉर्पनं १९१२ च्या ऑलिम्पिकमधली दोन सुवर्णपदकं गमावली, ती आधी कधीतरी चार पैशांसाठी बेसबॉल खेळला होता म्हणून. आमच्या गावजत्रांचा हिशेब कुणी त्या काटेकोरपणे तपासला असता तर या भागातला एकही पैलवान हौशी ठरला नसता.

खाशाबांनंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला दुसरं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळायला बहात्तर वर्षं लागली. २०२४ मध्ये पॅरिसला ते मिळवणारा कोल्हापूरचा स्वप्नील कुसाळे रेल्वेच्या नोकरीत होता. माणमधल्या मोहीची ललिता बाबर २०१६ ला रिओत स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली, तीही रेल्वेची. फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव मजुरी करणाऱ्या आईबापांचा मुलगा. त्याला आधी क्रीडा प्रबोधिनीनं आणि मग लष्करानं खायला-राहायला दिलं, म्हणून तो धनुष्य घेऊन टोकियोपर्यंत पोचला. खेळाडूला महिन्याच्या महिन्याला पैसे मिळाले की तो टिकतो, हे या तिघांनी दाखवून दिलं आहे. त्यांना ते देणाऱ्यांत कॉलेज नाही.

कॉलेजला खेळाडू नको असतो असं मात्र नाही. आंतरविद्यापीठ स्पर्धेतलं पदक कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या अहवालात मोजलं जातं. जूनमध्ये प्रवेशाच्या फ्लेक्सवर पदकवाल्या पोरीचा फोटो संस्थापकांच्या फोटोखालोखाल लागतो. त्या बदल्यात तिला मिळतो एक ट्रॅकसूट, स्पर्धेपुरता प्रवासखर्च आणि भत्ता, फार तर फीमध्ये सवलत आणि स्नेहसंमेलनात शाल-श्रीफळ. शिवाय प्रमाणपत्र. आपल्याकडं खेळाडूचा खरा पगार हाच. त्यावर दहावी-बारावीला वाढीव गुण मिळतात आणि सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षणाचं दार उघडतं. ज्या कागदाला एवढी किंमत येते तो कागद खोटा छापणारे निपजणारच. ट्रॅम्पोलिनसारख्या खेळांची बोगस प्रमाणपत्रं दाखवून लोक सरकारी सेवेत शिरल्याचं प्रकरण महाराष्ट्रानं पाहिलं आहे. खऱ्या खेळाडूला त्याच्या कष्टाचे पैसे नाहीत, आणि ज्यानं घाम गाळला नाही त्याला नोकरी! पैशानं खेळ नासेल म्हणून भिणाऱ्यांनी आधी या कागदानं काय केलंय ते बघावं.

दुसरं देणं आपण पदक आल्यावर देतो. सांगलीच्या संकेत सरगरच्या वडिलांची चहा-पानाची टपरी. २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यानं वेटलिफ्टिंगचं रौप्य जिंकलं, पण स्पर्धेतच कोपर दुखावलं आणि सुवर्ण एका किलोनं हुकलं. त्यानंतर राज्य सरकारनं तीस लाख जाहीर केले. चांगलंच केलं. पण टपरीवरच्या कमाईतून अंडी-दूध निघत होतं ती वर्षं त्या तीस लाखांच्या आधीची होती. साताऱ्याच्या अदिती स्वामीचे वडील शिक्षक. कंपाउंड धनुष्य लाखांच्या घरात जातं, त्यासाठी घरानं कर्ज काढलं. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनला ती सतराव्या वर्षी जगज्जेती झाली, आणि त्याच दिवशी नागपूरचा ओजस देवतळेही. दोघंही घडले साताऱ्यात, प्रवीण सावंत यांच्या खासगी अकादमीत. कर्ज काढायची ज्या घरांची ऐपत नव्हती त्या घरांतल्या मुली कुठं गेल्या, याची नोंद कुठंच होत नाही.

आता साखर कारखान्यांकडं बघा. कोल्हापूर जिल्ह्यात कागलचा शाहू कारखाना, कुंभी-कासारी कारखाना यांच्या मानधनधारक कुस्ती स्पर्धा होतात. वजनगटात नंबर काढला की त्या मल्लाला कारखान्याकडून मानधन. साधी, सगळ्यांना कळणारी पद्धत. कोल्हापूर, सांगली, सातारा या आपल्या तिन्ही जिल्ह्यांत कारखाना आणि शिक्षण संस्था पुष्कळदा एकाच घराच्या हातात असतात. तेच अध्यक्ष सकाळी कारखान्याच्या व्यासपीठावर पैलवानाच्या हातात पाकीट देतात आणि दुपारी त्यांच्याच कॉलेजच्या खिडकीवर तो पैलवान परीक्षा फीला मुदत मागत उभा असतो. हे कुणाला खटकत नाही, कारण एक खेळाचं खातं आणि दुसरं शिक्षणाचं.

ही दोन खाती एकत्र आणायचं शहाणपण याच मातीत सुचलेलं आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ ला कराडजवळ काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, आणि १९४७ ला साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू केलं ते ‘कमवा व शिका’ या तत्त्वावर. पोरं शेतात राबली, दगड फोडले आणि त्या कामाच्या पैशावर पदवीधर झाली. मजुरी घेतल्यानं विद्यार्थी बाटतो, असं कर्मवीरांना वाटलं नाही. आजही कॉलेजांत ही योजना चालते. ग्रंथालयात पुस्तकं लावणाऱ्याला, बागेला पाणी घालणाऱ्याला, कार्यालयात फायली लावणाऱ्याला तासाप्रमाणे पैसे मिळतात.

मग पहाटे चारला उठून हौद्यातली माती उकरणारा, हजारभर बैठका मारणारा आणि संध्याकाळी पुन्हा तीन तास लढतीचा सराव करणारा पोरगा काय करतो? कॉलेजच्या नावावर पदक यावं म्हणून तो रोज पाच तास राबतो. हे काम आहे. त्याला ग्रंथालयातल्या कामाचा दर लावा. तासाप्रमाणे, हजेरीपटावर, दर महिन्याला. हरला तरी.

हरला तरी, हे मुद्दाम सांगतो. जत्रेचं इनाम जिंकणाऱ्याचं, आणि तेही ठरलेलं मिळेलच असं नाही. २०२२ ला साताऱ्यात महाराष्ट्र केसरीची गदा जिंकल्यावर पृथ्वीराज पाटील यांनी रोख बक्षीस मिळालं नसल्याची खंत बोलून दाखवली होती. राज्यातल्या सर्वांत मोठ्या गदेची ही गत, तर गावच्या मैदानात पाठ लागलेल्या पोराला कोण विचारतो? त्याच्या गुडघ्याचं लिगामेंट गेलं तर ऑपरेशनचा खर्च बापाच्या ऊसबिलातून जातो. वर जत्रांचा ऐन हंगाम आणि विद्यापीठाच्या उन्हाळी परीक्षा एकमेकांवर येतात. पेपर आणि मैदान एकाच दिवशी आलं तर तो मैदानाला जातो, कारण वर्षभराच्या बदाम-तुपाची सोय तिथंच होते. ठरलेला पैसा मिळाला तर यातली काही पोरं तरी पेपरला बसतील. अभ्यास बुडेल म्हणून पैसे नकोत म्हणणाऱ्यांनी हे गणित उलटं मांडलं आहे.

कॉलेजांकडे पैसा कुठं आहे, हा आक्षेप जास्त वजनाचा. आपल्या विद्यापीठ स्पर्धांना तिकीट नाही, टीव्ही नाही, खरं तर प्रेक्षकही नाहीत. अमेरिकेसारखा उत्पन्नातला वाटा इथं मागता येत नाही आणि मी मागतही नाही. मागतो ती मजुरी. तीस खेळाडू, महिन्याला दोन हजार, दहा महिने, की झाले सहा लाख. मोठ्या मैदानातल्या पहिल्या दोन-तीन कुस्त्यांना तेवढी रक्कम लागते. जिमखाना फी, माजी विद्यार्थी आणि वर सांगितलेले तेच अध्यक्ष मिळून ती उभी राहणार नसेल, तर फ्लेक्सवरचे फोटो उतरवावेत.

अमेरिकेकडून घ्यायचा धडा वाटपाचा. नियम केला नाही तर सातारा-सांगलीत सगळा पैसा मुलांची कुस्ती खाईल, हे सांगायला ज्योतिषी नको. पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा व्हायला २०२३ साल उजाडावं लागलं. ती सांगलीत झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं गदा उचलली. मुलांची गदा १९६१ पासून आहे. म्हणून दोन अटी आधीच लिहून ठेवाव्यात : निम्मी रक्कम मुलींना, आणि कुठल्याही एका खेळाला एकूण रकमेच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त नाही. कुस्तीवाले रागावतील. रागावू देत, त्यांच्या पाठीशी जत्रा आहेत. धनुर्विद्येला, भालाफेकीला जत्रा नाही.

आणि हे आपण केलं नाही तरी थांबणार काहीच नाही. पंजाबातल्या खासगी विद्यापीठांनी खेळाडूंना शिष्यवृत्ती, वसतिगृह आणि आहार देऊन देशभरातून माणसं गोळा केली आहेत. विद्यापीठांच्या खेळातल्या कामगिरीसाठी दिल्या जाणाऱ्या मौलाना आझाद करंडकाचं २०२४ चं मानकरी चंदीगड विद्यापीठ ठरलं. खेलो इंडियात निवडलेल्या खेळाडूला केंद्र सरकार महिन्याला दहा हजार रुपये हातखर्चाला देतं. बाजार उघडला आहे, फक्त आपल्या कॉलेजच्या फाटकाबाहेर.

शिवाजी विद्यापीठाच्या हद्दीत कोल्हापूर, सांगली, सातारा हे तिन्ही जिल्हे येतात. येत्या जूनमध्ये प्रवेश सुरू होतील तेव्हा ‘कमवा व शिका’चे अर्जही निघतील. ग्रंथालय, बाग, कार्यालय या कामांच्या ओळीत ‘मैदान’ हा शब्द घालायला कुठल्या परिपत्रकाची अडचण आहे, ते विद्यापीठानं आणि प्राचार्यांनी एकदा जाहीरपणे सांगावं. अडचण नसेल, तर तो शब्द या जूनलाच घालावा.